जी कॉर्ड आली की माझा सोलो खटकायचा

टिळकवाडीतल्या खोलीत पावसाळाभर एकच चाळा: ए मायनर, एफ, सी, जी या कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या सुरांचं) पुन्हा पुन्हा वाजणारं लूप लावायचं आणि वर गिटारवर ए मायनर पेंटॅटॉनिक, म्हणजे ए, सी, डी, ई, जी हे पाच सूर, वाजवत बसायचं. एफवर ई सूर लांबवला की मेजर सेव्हन्थचा, म्हणजे शुद्ध निषादाचा, गोडवा यायचा. पण जीवर थांबलो की कडू. बेळगावच्या दमट हवेनं तारा उतरल्या म्हणून आधी ट्यूनिंगलाच शिव्या दिल्या.

शेजारचे पेटीवाले काका ऐकत होते. म्हणाले, "अरे, तिथं मध्यमावर काय बसतोस? गंधार कुठाय?"

बरोबर की! जी कॉर्डमध्ये जी, बी, डी. मी धरलेला सी. जीला सा मानला तर बी गंधार, सी मध्यम. सीच्या जागी बी घेतला की तीच ई मायनर पेंटॅटॉनिक, बाकी चार सूर तेच. हात पाचव्या फ्रेटवरच (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची पट्टी). तिसऱ्या तारेवर पाचव्याऐवजी चौथा फ्रेट, पहिल्या आणि सहाव्या तारेवर आठव्याऐवजी सातवा, बास.

"हा तर जीचा भूप," काका हसले. जी, ए, बी, डी, ई. खरंच भूप रागाचे सूर.

मग हेच सूर मुद्दाम एफवर वाजवले. तिथं एफ सा, म्हणून बी म्हणजे तीव्र मध्यम! मला तर जीपेक्षा हेच जास्त आवडलं. काकांनी दोनदा परत वाजवायला लावलं.