वृक्षवलयांतून जुने वणवे वाचताना: या चुका टाळा

जमिनीलगत सरकत जाणारा वणवा जाड सालीच्या पाइन वृक्षाला सहसा मारत नाही. तो बुंध्याच्या एका बाजूची साल भाजतो आणि तिच्याखालचा कँबियमचा जिवंत थर तेवढ्यापुरता मरतो. त्यानंतर जखमेच्या दोन्ही कडांचे शाबूत लाकूड तिच्यावर वळत वाढू लागते आणि जखम ज्या वलयात झाली त्या वलयात वणव्याचे वर्ष नोंदलेले राहते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील पाँडेरोसा पाइनच्या जंगलांत आणि कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात या पद्धतीने कित्येक शतकांचे वणवे वर्षागणिक मांडले गेले आहेत. वृक्षवलयांचे संशोधक टॉम स्वेटनम यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या कामात तर महाकाय सिक्वोयांच्या पाच राईंतून सुमारे दोन हजार वर्षांचा वणव्यांचा इतिहास उभा राहिला. असे निष्कर्ष वाचून या कामाकडे वळणाऱ्यांचा उत्साह मी समजू शकतो. मात्र इतरांनी वर्षे लावलेल्या खोडाच्या चकत्या तपासण्याचे काम वारंवार वाट्याला आल्यामुळे त्याच त्या चुका पाहून आता कंटाळा आला आहे, आणि त्यांतील बहुतेक अज्ञानातून नव्हे, तर घाईतून होतात.

वलये मोजली म्हणजे वर्ष कळले, हा समज

ही सर्व चुकांची जननी आहे. सालीपासून आत एकेक वलय मोजत जायचे आणि व्रणापाशी पोहोचल्यावर येईल ते वर्ष लिहून मोकळे व्हायचे, हा मार्ग सोपा असल्यामुळेच लोकप्रिय आहे. झाड दर वर्षी एकच वलय तयार करते हे स्थूलमानाने खरे असले, तरी तीव्र दुष्काळाच्या वर्षी खोडाच्या काही भागात वलय तयारच होत नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्येत १८४७ आणि १९०४ या वर्षांची वलये अनेक झाडांत अशी गायब असतात. उलट, अ‍ॅरिझोनात मे-जूनच्या कोरड्या दिवसांत वाढ मंदावते आणि जुलैत तिथला मोसमी पाऊस आला की पुन्हा सुरू होते, त्यामुळे एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. एक वलय गायब असेल, तर त्याच्या आतील प्रत्येक वर्ष एका वर्षाने अलीकडे सरकते. एक खोटे वलय मोजले गेले, तर प्रत्येक वर्ष एका वर्षाने मागे जाते.

याचा परिणाम काय होतो ते सांगतो. एका संशोधन गटाचा मसुदा माझ्याकडे अभिप्रायासाठी आला होता. अ‍ॅरिझोनातील एकाच उतारावर १८४१, १८४२, १८४३ आणि १८४४ अशी लागोपाठ चार वर्षे वणवे लागले, असा त्यात दावा होता आणि त्यावरून त्या जंगलाच्या ज्वलनशीलतेबद्दल बरेच काही लिहिलेले होते. मला खटकली ती तक्त्यातील एक साधी गोष्ट: या चारपैकी कोणत्याही दोन वर्षांचे व्रण एकाच झाडावर नव्हते. उघड्या जखमेचे झाड पुढच्या वणव्यात सहज पुन्हा भाजते, कारण तिथे सालीचे संरक्षण नसते आणि वर राळ साचलेली असते. अशी झाडे उतारभर उभी असताना चार वणवे शिस्तीने एकेक झाड वाटून घेतात, यावर माझा विश्वास बसेना. मी मूळ चकत्या मागवल्या. मायक्रोस्कोपखाली पाहताच उलगडा झाला: काही झाडांत १९०४ चे वलय नव्हते, काहींत १९०४ आणि १८४७ ही दोन्ही नव्हती आणि एकात विसाव्या शतकातील एक खोटे वलय खरे म्हणून मोजले गेले होते. दुरुस्ती केल्यावर चारही वणवे १८४२ या एकाच वर्षात येऊन बसले. मसुद्यातील दोन वणव्यांमधील सरासरी अंतर, हवामानाशी जोडलेला संबंध आणि निष्कर्षाचे अर्धे प्रकरण त्याबरोबर बाद झाले. त्यावर गटाचे उत्तर होते की सॉफ्टवेअरने तारखा स्वीकारल्या होत्या. सॉफ्टवेअरला दिलेली कोणतीही संख्या ते स्वीकारतेच.

उपाय जुनाच आहे. ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने अ‍ॅरिझोनात क्रॉस-डेटिंगची पद्धत रुजवली आणि १९३७ साली टूसॉन येथे वृक्षवलयांची प्रयोगशाळा स्थापन झाली, तेव्हापासून तो बदललेला नाही: अनेक झाडांतील अरुंद-रुंद वलयांचा क्रम एकमेकांशी जुळवायचा आणि क्रम जुळल्याखेरीज वर्ष लिहायचे नाही. माझी सवय अशी की प्रत्येक चकतीसाठी आलेख कागदाची पट्टी घेऊन त्यावर अरुंद वलयांच्या रेघा हाताने ओढायच्या, ती पट्टी त्या प्रदेशाच्या प्रमाण पट्टीवर सरकवत जुळवायची, मग रुंदी मोजायची आणि सर्वांत शेवटी ‘कोफेचा’ हा जुळणी तपासणारा संगणक प्रोग्राम चालवायचा. ‘कोफेचा’ शंका दाखवतो, निर्णय देत नाही. उलट्या क्रमाने काम करणारा विद्यार्थी सॉफ्टवेअरने सुचवलेली जागा डोळ्यांनीही पाहू लागतो, आणि हे मी इतक्यांदा पाहिले आहे की पट्ट्या न दाखवणाऱ्याच्या तारखा मी वाचायलाही घेत नाही. खोटे वलय ओळखायचे असेल, तर गडद पट्ट्याची बाहेरची कड पाहावी. खऱ्या वलयात शरदकाष्ठाचा, म्हणजे हंगामाच्या अखेरीस वाढलेल्या लाकडाचा, गडद भाग एकदम संपतो आणि लगेच वसंतकाष्ठाच्या, म्हणजे पुढच्या हंगामाच्या सुरुवातीच्या लाकडाच्या, रुंद, फिक्या पेशी सुरू होतात. खोट्या वलयात तो दोन्हीकडे हळूहळू विरतो.

जमिनीवर पडलेल्या ओंडक्यांच्या आणि जुन्या खुंटांच्या बाबतीत तर नुसती मोजणी अर्थहीनच आहे, कारण बाहेरची किती वलये कुजून गेली हे कोणालाच माहीत नसते.

दोन वलयांच्या सीमेवरचा व्रण

व्रणाचे टोक वसंतकाष्ठात आहे की शरदकाष्ठात, यावरून वणव्याचा ऋतू ठरतो. अडचण येते ती व्रण नेमका दोन वलयांच्या सीमेवर, म्हणजे झाडाची वाढ थांबलेली असतानाच्या काळात असतो तेव्हा. हा वणवा मागच्या वलयाच्या वर्षातला की पुढच्या? अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोत वणव्यांचा मुख्य काळ पावसाळ्यापूर्वीचा असल्यामुळे असा व्रण पुढच्या वर्षाला दिला जातो. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि वणवे उन्हाळ्याच्या अखेरीस व शरद ऋतूत, वर्षाचे वलय पूर्ण झाल्यावर लागतात. म्हणून तिथे तोच व्रण मागच्या वर्षाला दिला जातो. एका प्रदेशाचा नियम दुसऱ्या प्रदेशात उचलून नेणे हा या क्षेत्रातला सर्वांत गुपचूप होणारा घोटाळा आहे, कारण तक्ता दिसायला निर्दोष असतो.

एका वर्षाने काय बिघडते असे विचारणाऱ्यांसाठी १७४८ चे उदाहरण पुरेसे आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येत हे सर्वांत व्यापक वणव्यांच्या वर्षांपैकी एक मानले जाते. १७४७ हे वर्ष ओले होते, त्यात गवत आणि बारीक जळण मुबलक वाढले, आणि पाठोपाठ आलेल्या कोरड्या १७४८ मध्ये ते पेटले. आता कॅलिफोर्नियाचा नियम लावून सीमेवरचे सर्व व्रण १७४७ ला द्या: तीच जंगले ओल्या वर्षी पेटली असे सिद्ध होईल आणि कारणमीमांसा उलटी होईल. म्हणून मी नोंदवहीत वर्षाच्या शेजारी व्रणाची वलयातील जागा आणि लावलेला नियम हे दोन्ही लिहितो. नुसते वर्ष लिहिलेली नोंद नंतर कोणालाही दुरुस्त करता येत नाही. हिमालयातील चीड पाइनच्या जंगलांत काम करणाऱ्यांनीही उत्तराखंडचे वणवे पावसाळ्यापूर्वी लागतात एवढ्यावरून अ‍ॅरिझोनाचा नियम उसना घेऊ नये. आपल्या जागी, आपल्या उंचीवर झाडाची वाढ कधी सुरू होते हे आधी पाहावे.

प्रत्येक जखम वणव्याची नसते

दरडीचा दगड, वीज, साल पोखरणारे किडे, लाकूडतोडीत घासून गेलेला ओंडका, या सर्वांनी कँबियम मरतो. अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी आतल्या सालीसाठी सोललेल्या पाँडेरोसा वृक्षांवरही मोठ्या जखमा आहेत. आपल्याकडे गोंधळ होतो तो चीडच्या राळेमुळे, म्हणजे उत्तराखंडात ज्याला लिसा म्हणतात त्यामुळे. लिसा काढण्यासाठी छेदलेल्या पृष्ठभागावर राळ झिरपत राहते, आणि वणवा आला की तोच पृष्ठभाग आधी पेट घेतो. परिणामी एकाच जखमेत हत्यार आणि आग या दोन्हींच्या खुणा मिसळतात. वणव्याची जखम सहसा जमिनीपासून सुरू होते, खाली रुंद आणि वर निमुळती होत जाते, आणि उतारावर बहुधा बुंध्याच्या चढाकडील बाजूला असते, जिथे पालापाचोळा साचतो. छेदाची जखम वर असते, तिच्या कडा समांतर असतात आणि हत्याराचे वळ दिसतात. कोळसा दिसला की वणवा, हा निकष मात्र फसवा आहे: पहिल्या व्रणाच्या वेळी साल जागेवरच असल्यामुळे आत कोळसा नसू शकतो, आणि उघडी जखम पुढच्या वणव्यात नवा व्रण न होताही काळी पडू शकते. मी एकट्या झाडावरच्या संशयास्पद जखमेला वणवा म्हणत नाही. शेजारच्या झाडांत त्याच वर्षी व्रण आहे का ते पाहतो, आणि नसेल तर प्रश्नचिन्ह तसेच ठेवतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

चकती नीट न घासणे ही चूक केवळ आळसातून होते. बेल्ट सँडरवर खरखरीत पेपरपासून सुरुवात करून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत क्रमाने गेल्याशिवाय पेशी दिसत नाहीत, आणि पेशी दिसत नसताना ऋतू सांगणाऱ्याने ज्योतिष सांगावे. मोबाइलच्या छायाचित्रावरून तारखा लावू नयेत. व्रणाचा अभ्यास वेधणीने काढलेल्या पेन्सिलीएवढ्या नमुन्यावर करू नये, कारण व्रणाचे टोक त्यात सापडण्याचा भरवसा नसतो. चेनसॉने अर्धवट काप घ्यावा, शक्यतो मृत झाडांचा, आणि लेखी परवानगी हातात आल्यावरच. कुजकट काप जागेवरच प्लॅस्टिकच्या ताणपट्टीत गुंडाळावा. झाड निवडताना त्याची वलये खरोखर वार्षिक आहेत का ते आधी पाहावे: सागाची वलये वाचता येतात, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने त्यांवरून पावसाचा अभ्यास केला आहे, सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातील बऱ्याच झाडांत मात्र तशी स्पष्ट वलये मिळत नाहीत.

सरासरीचा मोह

तारखा बिनचूक लागल्यानंतरही ‘इथे दर इतक्या वर्षांनी वणवा लागतो’ असे एक वाक्य लिहिण्याची घाई होते. ही सरासरी तुम्ही किती मोठे क्षेत्र आणि किती झाडे घेतली यावर अवलंबून असते. क्षेत्र वाढवले की वणवे वाढतात आणि अंतर आपोआप कमी होते. म्हणून एका तरी झाडावर नोंदलेले वणवे आणि किमान एक चतुर्थांश झाडांवर नोंदलेले वणवे यांची अंतरे मी वेगवेगळी देतो. तसेच पहिला व्रण होण्यापूर्वीची झाडाची वर्षे ‘वणवा नव्हता’ म्हणून मोजू नयेत. जाड सालीचे झाड त्या काळात वणवे सोसूनही काहीच नोंदवत नसते.

शेवटचे अंतर हा तर स्वतंत्र विषय आहे. उत्तर अ‍ॅरिझोनातील फ्लॅगस्टाफजवळच्या फोर्ट व्हॅलीत पाँडेरोसा पाइनचे जंगल दर काही वर्षांनी पेटत असे, आणि तिथला शेवटचा मोठा वणवा १८७६ चा आहे. १८८२ साली रेल्वे फ्लॅगस्टाफला पोहोचली, मेंढ्या आणि गुरे वाढली, वणवा पसरवणारे गवत चरले गेले, आणि पुढे सरकारी वन खात्याने आग विझवण्याचे धोरण राबवले. १८७६ पासून आजपर्यंतचा काळ हे पूर्ण झालेले अंतर नाही, त्यामुळे तो सरासरीत मिसळता येत नाही. पण म्हणून तो तक्त्यातून वगळूही नये. तो वेगळ्या ओळीत, सुरुवातीचे वर्ष आणि नमुना घेतल्याचे वर्ष देऊन लिहावा.