डोळ्यातल्या पेशींवर रिसर्च करायचाय? आधी मटणाच्या दुकानात जा

बीएस्सीवाली मुलं विचारतात, ताई डोळ्यावर रिसर्च करायचाय, कुठे अप्लाय करू? मी म्हणते डोळा राहू दे, पेशी कुठली ते सांग. कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या थरातल्या पेशी माणसात जवळजवळ विभागतच नाहीत, एखादी मेली की शेजारच्या पसरून जागा भरतात, आणि त्याच कॉर्नियाच्या कडेला लिंबसमध्ये स्टेम सेल्स बसलेल्या असतात ज्या वरचा थर जन्मभर नवा करत राहतात. माझी लाडकी म्हणजे आरपीई, रेटिनाच्या मागचा काळा थर. रेटिनातल्या रॉड पेशींचा (अंधुक उजेडात बघायच्या पेशी) टोकाकडचा भाग साधारण दहा दिवसांत पूर्ण बदलतो (असं नवं होत राहतं हे रिचर्ड यंगने १९६७ मध्ये दाखवलं), आणि गळलेला माल रोज गिळायचं काम या बिचारीचं.

आता हात चालवा. कॉलेजच्या लॅबमध्ये मॅडमची परवानगी काढा आणि सकाळी सकाळी खाटकाकडून बोकडाचे ताजे डोळे आणा, बर्फात ठेवून. मला दुकानदार म्हणाला, "ताई, नुसते डोळे कशाला, मुंडीच घ्या की!" ग्लोव्हज घाला, बाहेरची चरबी आणि स्नायू कापून टाका, मग कॉर्नियाच्या थोडं मागे गोल काप घेऊन पुढचा भाग लेन्ससकट उचला. आतली जेली हळूच ओढा, घाई केलीत तर रेटिनाही सोबत येते, माझी पहिले चार वेळा आली. रेटिना म्हणजे पांढुरकी ओली साय, फक्त ऑप्टिक नर्व्हपाशी चिकटलेली. ती काढली की खाली निळा-हिरवा चमकदार पट्टा दिसतो, टॅपेटम, माणसात हा नसतो. त्याच्यावरच्या आरपीईला रंग नसतो, म्हणून काळ्या पेशी बघायच्या तर पट्ट्याच्या बाहेरच्या आणायच्या. स्लाइडवर ठेवून मायक्रोस्कोपखाली बघा, षटकोनी फरशी बसवल्यासारख्या दिसतात.

पुढचं ठरलेलंच, एमएस्सी, मग नेट-जेआरएफ किंवा गेट या परीक्षा आणि मुलाखती. हैदराबादचं एल व्ही प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद, इथे हॉस्पिटल आणि लॅब दोन्ही आहेत, हे माझ्या मते सगळ्यात मोठं. हैदराबादला एल व्ही प्रसादमध्ये डोळ्यांचे डॉक्टर सांगवान यांच्या टीमने चांगल्या डोळ्यातला लिंबसचा एवढासा तुकडा घेऊन, बारीक करून, थेट खराब डोळ्यावर लावायची पद्धत २०१२ मध्ये मांडली, पेशी लॅबमध्ये वाढवायची भानगडच नाही.

लॅबला मेल टाकताना "लहानपणापासून आवड" वगैरे नको. कुठली पेशी, तुम्ही हाताने काय केलंय, त्यांच्या कुठल्या पेपरमधला कुठला प्रयोग समजला नाही, एवढं लिहा आणि डिसेक्शनचे तुमचे फोटो जोडा, बिघडलेले पण.