पहिला डीएसएलआर घेतलाय? मॅन्युअलच्या आधी मीटर समजून घ्या

नवीन डीएसएलआर हातात आला की सगळीकडून एकच सल्ला मिळतो, ऑटो सोड, थेट मॅन्युअलवर जा, त्याशिवाय शिकणार नाहीस. मला हे अजिबात पटत नाही. होतं काय की माणूस एमवर जातो, व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, खाली ती छोटी पट्टी दिसते, तिच्यातली खूण मधल्या शून्यावर येईपर्यंत डायल फिरवतो आणि मग क्लिक करतो. म्हणजे कॅमेरा जे ऑटोमध्ये चुटकीसरशी करत होता तेच आपण हाताने सावकाश केलं, फोटो किती उजळ यावा हे ठरवलं शेवटी कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरनेच. म्हणून आधी मीटर शिका, एम मोड त्यानंतर आपोआप सोपा होतो.

त्याआधी तीन गोष्टी पटकन बघून घेऊ, म्हणजे पुढे अडणार नाही. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक किती उघडं आहे ते, शटर स्पीड म्हणजे सेन्सरवर उजेड किती वेळ पडला ते, आणि आयएसओ म्हणजे मिळालेल्या उजेडाचा सिग्नल कॅमेऱ्याने किती वाढवला ते. तिन्हींचा हिशोब स्टॉपमध्ये करतात, एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मं. शटर १/१२५ वरून १/६० वर आणलात तर उजेड दुप्पट, आयएसओ २०० चा ४०० केलात तरी फोटो तेवढाच उजळतो. अ‍ॅपर्चरचे आकडे मात्र सुरुवातीला डोकं खातात. २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे ते जातात, आकडा वाढला की भोक लहान होतं आणि दर पुढच्या आकड्याला उजेड निम्मा. लेन्सच्या फोकल लेन्थला (लेन्सवर एमएममध्ये लिहिलेला १८, ५५ असा आकडा) भोकाच्या व्यासाने भागलं की हा आकडा येतो, म्हणून ते उलटं वाटतं. डायलचा एक टिक बहुतेक कॅमेऱ्यांत एक तृतीयांश स्टॉप असतो, म्हणजे तीन टिक झाले की एक स्टॉप, हे बोटांना लवकर सवयीचं होतं.

आता मीटर. समोरची वस्तू मुळात पांढरी आहे की काळी हे मीटरला ठरवता येत नाही, तिच्यावरून किती उजेड परत येतोय एवढंच तो मोजतो आणि फ्रेम सरासरी मध्यम राखाडी यावी अशा बेताने एक्स्पोजर काढतो. बऱ्याचदा हे बरोबर बसतं, कारण झाडं, रस्ता, घरं, आपले गव्हाळ चेहरे हे सगळं मिळून मध्यम उजळच असतं. गोची होते ती फ्रेममध्ये खूप पांढरं किंवा खूप काळं आलं की.

हे नुसतं वाचू नका, घरी करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. दिवसा खिडकीजवळ एक पांढरा टॉवेल पसरा आणि त्याच्याच शेजारी काळी छत्री किंवा काळी ओढणी. मोड डायल अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा, निकॉनवर त्याचं नाव ए आणि कॅननवर एव्ही. अ‍ॅपर्चर ५.६, आयएसओ ४००, ऑटो आयएसओ बंद. लेन्सवरचं बटण मॅन्युअल फोकसवर सरकवा, नाहीतर कोऱ्या कापडावर फोकस पकडता न आल्यामुळे लेन्स घुर्र घुर्र करत बसेल. आता फक्त टॉवेल फ्रेमभर येईल असा एक फोटो घ्या, मग फक्त छत्रीचा. दोन्ही फोटो स्क्रीनवर एकापाठोपाठ बघा, टॉवेल मळकट दिसेल आणि छत्री धुऊन धुऊन विटल्यासारखी, दोन्ही जवळपास एकाच राखाडी रंगाचे. फोटोची माहिती उघडून शटर स्पीडही बघा, टॉवेलला कॅमेऱ्याने फास्ट शटर लावलेलं असेल आणि छत्रीला बरंच स्लो. उजेड तोच, खिडकी तीच, फक्त मीटरचा समज वेगळा.

आता अधिक-उणे खुणेचं बटण शोधा, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात ते. नवशिक्यांसाठीच्या कॅमेऱ्यांना बहुतेक एकच डायल असतो, त्यामुळे बटण दाबून धरायचं आणि डायल फिरवायचा. टॉवेलला +१ करून फोटो घ्या, मग +१.७ करून घ्या, टॉवेल खरंच पांढरा दिसायला लागतो. छत्रीला -१, -१.७ करा, ती काळी होते. पांढऱ्याला अधिक आणि काळ्याला उणे, ऐकायला उलटं वाटतं पण टॉवेल समोर असला की लगेच पटतं. माझ्या मते अख्ख्या कॅमेऱ्यावरचं सगळ्यात कामाचं बटण हेच, आणि लोक महिनोन्‌महिने त्याला हात लावत नाहीत. एक सवय मात्र लावून घ्या, काम झालं की ते शून्यावर आणायचं, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत कॅमेरा बंद करून चालू केला तरी ते तसंच राहतं आणि दुसऱ्या दिवशीचे सगळे फोटो बिघडतात.

आपल्याकडे हे बटण पावलोपावली लागतं. आषाढी वारीचं बघा, पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि वर जून-जुलैचं पांढुरकं ढगाळ आभाळ, मीटरला वाटतं उजेड फार झाला आणि तो सगळं दाबतो, वारकऱ्यांचे सावळे चेहरे तर काळे ठिक्कर पडतात. तिथे +०.७ ते +१.३ लागतं. याच्या अगदी उलटं सिन्नरच्या गोंदेश्वराला किंवा अंबरनाथच्या शिवमंदिराला, काळा दगड फ्रेमभर घेतलात की मीटर तो उजळवून टाकतो, दगडाचा सगळा भारदस्तपणा जातो आणि कोरीवकामातली सावली नाहीशी होते. तिथे -०.७, पावसात दगड भिजलेला असेल तर -१ सुद्धा. खिडकीला पाठ करून कोणी बसलं असेल आणि चेहरा हवा असेल तर +१ ते +२ लागतं आणि मागचं आभाळ पांढरं पडेल, ते पडू द्या. समईच्या उजेडात फोटो काढताना भोवतीचा अंधार बघून मीटर देवघर ट्यूबलाइटसारखं उजळवतो, तिथे -१ करा म्हणजे ज्योत ज्योतीसारखी राहते.

रोजच्या वापरासाठी ए किंवा एव्हीवरच रहा, अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो आणि उजळपणा आपण त्या बटणाने सुधारायचा. एकट्या माणसाचा फोटो असेल तर लेन्स उघडेल तेवढी उघडा. सोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ ला ५.६ च्या पलीकडे उघडत नाही, त्यामुळे मागचं फार विरघळत नाही, तो दोष तुमचा नाही. बजेट असेल तर पुढची खरेदी ५० एमएम १.८ ची करा. दोन-तीन रांगांचा ग्रुप फोटो, किल्ला, डोंगर असेल तर ८. १६ च्या पुढे जायची गरज सहसा नसते, भोक फार बारीक झालं की फोटो उलट थोडा मऊ पडतो.

फक्त शटरवर नजर ठेवायची. हात हलून फोटो बिघडू नये म्हणून फोकल लेन्थला निकॉनवर १.५ आणि कॅननवर १.६ ने गुणा, १ भागिले तो आकडा इतकं शटर धरा आणि त्याच्याहून स्लो जाऊ नका, म्हणजे ५५ ला साधारण १/१०० धरून चाला. लेन्समध्ये स्टॅबिलायझर असला तर याहून स्लो जमतं, पण तो फक्त तुमचा हात सांभाळतो, समोर धावणारं पोर नाही. पोरांना १/२५० तरी हवं, पळापळ चालू असेल तर १/५००. शटर खाली यायला लागलं की आयएसओ वाढवा, बिनधास्त वाढवा. १६००, ३२०० ला नॉइज, म्हणजे फोटोत दाणे, येतो हे खरं, पण नॉइजवाला फोटो आल्बममध्ये लागतो, हललेला लागत नाही. आणि नॉइजच्या भीतीने आयएसओ कमी ठेवून काळोखा फोटो काढायचा आणि नंतर मोबाइलवर उजळवायचा, याने नॉइज कमी होत नाही, सावल्यांत उलट जास्तच उठून दिसतो.

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आरशातून आलेलं खरं दृश्य दिसतं, फोटो किती उजळ येणार हे त्यात कळत नाही, म्हणून पहिला फोटो काढल्यावर थांबून बघायचंच. पण स्क्रीनच्या उजळपणावर विश्वास ठेवू नका, उन्हात सगळंच काळं दिसतं आणि रात्री सगळंच छान. हिस्टोग्राम लावा, म्हणजे फोटोतलं काळं डावीकडे आणि पांढरं उजवीकडे दाखवणारा आलेख. आलेख उजव्या भिंतीला चिकटून उभा राहिला असेल तर पांढऱ्यातलं डिटेल गेलं. मेनूमध्ये जळलेला भाग लुकलुकत दाखवायची सोय असते, तीही चालू करा. बल्ब किंवा सूर्य लुकलुकला तर काही बिघडत नाही, पण नवरीची पैठणी किंवा कपाळ लुकलुकत असेल तर लगेच -०.७ करून पुन्हा घ्या. जेपेग या नेहमीच्या फाइलमधून ते परत येत नाही, रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल ठेवली असेल तर थोडंफार येतं.

मग एम कधी? उजेड एकसारखा आहे पण समोरचं सारखं बदलतंय तेव्हा. स्टेजवरचा कार्यक्रम घ्या किंवा विसर्जनाच्या रात्री एकाच चौकातल्या दिव्यांखाली खेळणारं ढोल पथक घ्या. फ्रेममध्ये कधी पांढरे झब्बे जास्त येतात, कधी मागचा अंधार, ए मोडमध्ये दर फोटोला मीटर मत बदलणार. तिथे एखाद्या वादकाच्या चेहऱ्यावर एक्स्पोजर बसवा, हिस्टोग्राम बघा आणि मग आकडे हलवू नका, चौक बदलेपर्यंत तेच चालतं. एमवर गेल्यावर एक लक्षात ठेवा, एका डायलच्या कॅमेऱ्यात तेच अधिक-उणेचं बटण आता अ‍ॅपर्चर बदलतं. टिपरूचा हात गोठवायचा असेल तर १/५००, हाताची लय दिसायला हवी असेल तर १/३०. मंडपातल्या एलईडी माळांखाली फोटोत आडवे काळे पट्टे आले तर कॅमेरा बिघडलेला नाही, आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, पट्टे बहुतेक जातात.