डोंगरातील घरगुती पर्यटक निवास चालवताना या चुका टाळा

अकोले तालुक्यातील रतनवाडी, साम्रद, पाचनई यांसारख्या गावांत ट्रेकसाठी येणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय बहुधा एखादे कुटुंबच करते. तिथल्या पिठलं-भाकरीविषयी सहसा कोणी नाराज नसते. बिघडते ते घरी आलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याच्या संकोचामुळे.

हा संकोच सर्वांत महाग पडतो तो काजव्यांच्या हंगामात. मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंतच्या शनिवार-रविवारी जागा आहे तितके तंबू ठोकले जातात आणि रविवारी सकाळी शौचालयाला पाणी उरत नाही. या भागात पाऊस प्रचंड पडतो, परंतु तीव्र उतार आणि खाली कातळ असल्यामुळे तो वाहून जातो व मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. म्हणून पाहुण्यांची संख्या तंबूंवरून न ठरवता टाकीतल्या पाण्यावरून ठरवावी, आणि ती संख्या पूर्ण झाली की ओळखीच्यांचा फोन आला तरी बुकिंग थांबवावे. अंगणातले झगझगीत दिवेही त्या रात्री बंद ठेवावेत; काजव्यांचे लुकलुकणे म्हणजे नर-मादीचे एकमेकांना दिलेले संकेत असतात आणि बॅटरी, फ्लॅश किंवा गाडीच्या दिव्यांनी त्यांत व्यत्यय येतो.

पावसाळ्यात प्रश्न जिवाचा असतो. सांदण दरीसारख्या अरुंद घळीत, जागेवर पाऊस नसतानाही, वर डोंगरात झालेल्या पावसाचे पाणी अचानक येऊ शकते. तरीही ‘आम्ही पैसे भरले आहेत’ असा आग्रह झाला की यजमान नमतो, कारण परतावा त्याच्याच खिशातून जायचा असतो. यावर उपाय असा की पावसामुळे वाट बंद राहिल्यास पर्यायी तारीख मिळेल की रक्कम परत, हे आगाऊ पैसे घेतानाच लेखी कळवावे, आणि जायचे की नाही याचा निर्णय स्थानिक वाटाड्यावर सोपवून त्याची मजुरी ट्रेक रद्द झाला तरी द्यावी. ही मजुरी वाचवण्याचा मोह मला तरी शहाणपणाचा वाटत नाही.

सर्पदंशाबाबतचे दुर्लक्षही असेच गंभीर आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि दंशाच्या जागी वेदना किंवा सूज जवळजवळ नसल्याने ‘काही नाही, किडा असेल’ म्हणून वेळ दवडला जातो. धान्याची पोती झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावीत, कारण उंदरांमागे साप येतात. शक्यतो खाट द्यावी आणि मच्छरदाणी गादीखाली खोचावी. दंशाचा संशय आला तरी कापणे, चोखणे, आवळून बांधणे टाळावे, तो अवयव स्थिर ठेवून रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांक भिंतीवर लिहिलेला असतो, पण मोबाइलला रेंज नसते. म्हणून रेंज कुठे मिळते आणि रात्री गाडी कोणाची निघेल, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

परदेशी पाहुणा आल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत शासनाकडे नोंदवणे बंधनकारक आहे, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

राहता राहिला हिशेब. पहाटे ट्रेकला निघणाऱ्यांसाठी चूल पेटवणाऱ्या सुनेचे आणि सामान वाहणाऱ्या मुलाचे श्रम दरात धरले जात नाहीत, त्यामुळे दर स्वस्त दिसतो आणि दोन हंगामांत घरातलेच कंटाळतात. प्रत्येकाची मजुरी वहीत वेगळी लिहावी, ती धरूनच दर ठरवावा, आणि घासाघीस करणाऱ्याला तो कमी होणार नाही असे नम्रपणे सांगावे.