कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट शिकायला निघालात? या चुका टाळा

पहिल्या नोकरीत मी कोणतं काम कधी सुरू, कधी संपणार हे दाखवणारा एक देखणा बारचार्ट केला होता. आपल्या विदर्भातला वणीकडचा रस्ता, त्यावर अकरा मोऱ्या. पायाचं खोदकाम 1 जुलैला सुरू, 20 जुलैला खलास. रंगीत प्रिंट काढून मुकादमाला दाखवली. त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली अन् परत दिली. "साहेब, हा कागद मले काहाले दाखवता? पावसाले दाखवा." पाचव्या दिवशी पोकलेन काळ्या मातीत पट्ट्यापर्यंत रुतलं. ते ओढायला दुसरं बोलवावं लागलं, अन् दोन्हीचं भाडं चालू! हे सगळं बी.ई.नंतर दोन वर्षं मॅनेजमेंट शिकून आल्यावर, बरं का.

चूक माझी साधी होती. सगळ्या कामांना मी एकच कॅलेंडर लावलं होतं. वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर प्रायमाव्हेरा असो की एमएस प्रोजेक्ट, वेगवेगळ्या कामांना वेगळं कॅलेंडर लावता येतं. मातीकामाचं वेगळं ठेवा, त्यात पावसाळा जवळपास बंद दाखवा. काँक्रीटचं वेगळं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा भरदुपारी स्लॅब टाकायचा नसतो, पहाटे किंवा संध्याकाळी टाकायचा. मजुरांचं तिसरं. पोळ्याला माणूस बैलामागे जातो, ऑक्टोबरात सोयाबीन सोंगायला, दिवाळीनंतर कापूस वेचायला. पुस्तकात हे सापडत नाही, पण खेड्यातल्या पोराला पाठ असतं. गंमत अशी की शहरात दोन वर्षं काढून आलं की नेमकं तेच तो विसरतो.

दुसरी चूक म्हणजे बी.ई. झालं की लगेच पुढे पळणं. पुष्कळ पोरं हा कोर्स उन्हातून सुटायचा रस्ता समजतात. तसा तो नाही. तिथे शिकवतात वेळ, पैसा, करार, माणसं आणि सुरक्षितता. ज्यानं मुदतवाढीचा अर्ज पाहिला नाही, त्याला 'क्लेम'चा, म्हणजे जादा वेळ-पैसा मागण्याचा, तास झोपेचाच वाटणार. माझ्या मते आधी एक वर्ष साइटवर काढा, तालुक्यातल्या कंत्राटदाराकडे का होईना. प्रवेश होऊनच गेला असेल तर सुट्टीतली इंटर्नशिप एसी ऑफिसात घालवू नका. बिलिंग इंजिनिअरच्या शेजारी बसा आणि एक रनिंग बिल, म्हणजे चालू कामाचं बिल, पहिल्या मोजमापापासून शेवटच्या कपातीपर्यंत पाहा.

कागदांत तर हमखास घोळ होतो. नागपूरचं व्हीएनआयटी किंवा आयआयटी या केंद्राच्या संस्था. तिथे ओबीसी जागेसाठी राज्याचा नॉन-क्रिमीलेअर दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेला लागतो. सेतू केंद्रात अर्ज देतानाच तसं स्पष्ट सांगा, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही आधी पाहून ठेवा. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा स्कोअर 3 वर्षं चालतो, म्हणून साइटवर वर्ष काढलं तरी तो वाया जात नाही.

पैशाचं एवढंच सांगतो. गेटवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन मिळू शकतं. पुण्याच्या निकमार या बांधकाम व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेसारख्या ठिकाणचे मॅनेजमेंटचे अभ्यासक्रम वेगळ्या धाटणीचे, तिथे हा हिशेब धरू नका. कर्ज काढायच्या आधी मागच्या वर्षी किती पोरं नोकरीला लागली हे तिथल्या मुलांनाच फोन करून विचारा. माहितीपत्रक सगळ्यांचंच छान असतं.

सॉफ्टवेअरची सर्टिफिकेटं गोळा करणाराही मुलाखतीत अडकतो. 12 एमएम सळईचं वजन मीटरला किती, म्हटलं की मोबाइल काढतो. व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 0.89 किलो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. हे तोंडी हवं, कारण गिट्टीचा ट्रक मोजताना कोणी लॅपटॉप उघडत नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. नोंद न ठेवणं. आपल्या भागात काम उशिरा का होतं ते बघायला लांब जायची गरज नाही. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 चं, मूळ अंदाज 372 कोटींचा, आणि खर्च पुढे हजारो कोटींवर गेला. भूसंपादन आणि पुनर्वसन रखडलं की वेळ आणि पैसा कसा वाढतो, याचा एवढा मोठा धडा दुसरा नाही. छोट्या कामातही तेच होतं, फक्त आकडे लहान. जागा मिळाली नाही, ड्रॉइंग आलं नाही, नाल्याला पूर आला. कारणं खरी असतात, पण कागदावर नसतात. मी होतो त्या कंपनीला एकदा मुदतवाढ मिळाली नाही, दंड बसला. पाऊस सगळ्यांनी पाहिला होता, लिहिला कोणीच नव्हता.

तेव्हापासून अडथळ्यांची नोंदवही मी स्वतः लिहितो. 'मोरी क्र. 4. सकाळी 9 ते 2 पाऊस. खड्ड्यात गुडघाभर पाणी. पोकलेन उभं, मजूर 16, पंप चालू.' एवढंच, सोबत मोबाइलवर काढलेला फोटो. खाली समोरच्या बाजूच्या, म्हणजे काम देणाऱ्याच्या, इंजिनिअरची सही घ्यायची, त्याच संध्याकाळी, चहा पाजून. आठ दिवसांनी मागितली तर तो करत नाही.