टर्कीला साद घालताना: फ्रिक्शन कॉल कसा निवडावा, कसा वाजवावा

गॅरेजमधून आठवडाभर कुरकुर ऐकल्यावर बायको म्हणाली, "अरे, त्या बिजागरीला तेल तरी घाल." बिजागरीचा काहीच दोष नव्हता. मी स्लेटच्या चकतीवर काडी घासून टर्की या रानपक्ष्याच्या मादीसारखं बोलायला शिकत होतो. असं घासून पक्ष्याचा आवाज काढणारं साधन म्हणजे फ्रिक्शन कॉल. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात राहायला आल्यापासून एप्रिल-मे महिन्यांत पहाटे ओकच्या जंगलातून येणारा नराचा 'गॉबल' ऐकत आलो होतो. त्याला आपणही उत्तर द्यावं, एवढीच सुरुवातीची हौस होती.

ही हौस वाटते तेवढी सोपी नाही, कारण निसर्गाचा रिवाज उलटा आहे. नर एका जागी थांबून ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी मात्र मादीचा आवाज काढून नराला आपल्याकडे बोलावतो. नर बराच वेळ तिथेच उभा राहून ओरडतो, कारण त्याच्या हिशेबाने येण्याची पाळी तुमची असते. पक्ष्याला आवाजाने फसवण्याची विद्या आपल्याकडेही होती. तित्तर पकडणारे फासेपारधी त्यात पटाईत होते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा तो मार्ग बंद झाला. अमेरिकेत मात्र वसंतातली टर्कीची शिकार परवान्याने, ठरलेल्या दिवसांत आणि बहुतेक ठिकाणी फक्त नरांपुरती चालते. खुद्द मिसुरीत पक्षी इतके घटले होते की १९३७ साली शिकार बंद करावी लागली. इतर भागांतले पक्षी पकडून नव्या जंगलांत सोडले, तेव्हा कुठे १९६० मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

आधी आवाज कुठून येतो ते बघा

व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात. गज तारेला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं आणि त्यातून सूर निघतो. फ्रिक्शन कॉलचं तत्त्व हेच. शाळेत पाटीवर पेन्सिल विशिष्ट कोनात धरली की किंचाळायची आणि बाई ओरडायच्या, आठवतं? तो आवाज काबूत आणला की झाला टर्की कॉल. राळेचं काम इथे खडू किंवा पृष्ठभागाचा खरखरीतपणा करतो. म्हणून गुळगुळीतपणा, तेल आणि पाणी हे याचे तीन शत्रू.

पायरी १: कोणता घ्यायचा

दुकानात मुख्यतः तीन प्रकार दिसतील. पहिला बॉक्स कॉल. लांबट लाकडी डबी आणि तिच्या कडांवर घासणारं झाकण. आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि मूळ आराखडा अजून फारसा बदललेला नाही. आवाज मोठा, लांब जाणारा, आणि पहिल्याच दिवशी ओळखण्याजोगा निघतो. दुसरा पुश-बटण. दांडी दाबली की आवाज. मुलांसाठी उत्तम, पण त्यात चढ-उतार फार आणता येत नाहीत. तिसरा पॉट कॉल, म्हणजे वाटीएवढी गोल चकती. वर स्लेट, काच किंवा अ‍ॅल्युमिनियम, आत आणखी एक पातळ तबकडी, तळाला भोकं आणि सोबत एक काडी. तिला स्ट्रायकर म्हणतात (कॅरमवाल्यांनी गोंधळू नये).

माझं मत विचाराल तर पहिला कॉल स्लेटचाच घ्या. स्लेट मऊ बोलते, चुका पोटात घालते आणि जवळच्या पक्ष्यासाठी लागणारे हलके आवाज तिच्यावर सगळ्यात चांगले निघतात. काच त्याहून तीक्ष्ण आणि मोठी. अ‍ॅल्युमिनियम सगळ्यात कर्कश, वाऱ्याच्या दिवशी दूरवर पोचायला बरं. पण नवशिक्याच्या हातात ते घरच्यांच्या सहनशीलतेची परीक्षा घेतं.

दुकानात वाजवून बघायला मिळालं तर आधी अगदी हळू वाजवा. मोठा आवाज कोणताही कॉल काढतो. कुजबुजीएवढ्या आवाजातही ज्याचा सूर तुटत नाही, तो घ्या. आणि दुसरा कॉल घेण्याऐवजी दोन-तीन वेगवेगळ्या लाकडांच्या काड्या घ्या. हिकरीची एक, पर्पलहार्टसारख्या जड लाकडाची एक. तीच चकती काडीगणिक निराळ्या मादीसारखी बोलते. शिवाय पावसासाठी एक कार्बनची किंवा अ‍ॅक्रिलिकची काडी असू द्या.

पायरी २: पृष्ठभाग तयार करा

नवा कॉल पाकिटातून काढून लगेच वाजत नाही, आणि बरेच जण इथेच वैतागून तो कपाटात टाकतात. स्लेटला भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने घासा. काचेला जाड सँडपेपर लागतो, ८० नंबरच्या आसपासचा. फक्त एकाच दिशेने घासा, गोल गोल नाही. मग काडी त्या रेघांना आडवी चालवा. पिठी फुंकरीने उडवा, बोटाने पुसू नका. काडीचं टोकही सँडपेपरवर हलकं फिरवून घ्या, नाहीतर ते चकचकीत होऊन घसरायला लागतं.

चकतीला बोट लावायचं नाही हा नियम मी चकली खाल्लेल्या हाताने शिकलो. एका बाजूला चांगला बोलणारा कॉल मध्येच मुका झाला. अंगठ्याएवढ्या डागावर काडी नुसती सरकत होती. पुन्हा घासून काढला तेव्हा तोंड उघडलं.

बॉक्स कॉलला सँडपेपर लावू नका. कडांचा आकार बदलला की आवाज कायमचा गेला. त्याला खास बॉक्स कॉलसाठी मिळणारा बिनतेलाचा खडू झाकणाच्या खालच्या बाजूला लावा. फळ्यावरचा खडू नको. झाकणाचा स्क्रू ज्याने बसवला त्याने कान लावून बसवलेला असतो. तो पिळायचा मोह आवरा.

पायरी ३: धरायचं कसं

चकती डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर तोला, पाणी भरलेली वाटी धरावी तशी. तळहाताने खालची भोकं झाकली गेली तर आवाज कोंदट येतो. काडी पेन्सिलीसारखी, टोकाजवळ, थोडी तिरकी. करंगळीची बाजू चकतीच्या कडेला टेकली तर हात थरथरत नाही. वाजवायचं मध्यभागी नाही, कडेपासून साधारण इंचभर आत. तिथेही प्रत्येक चकतीची एखादीच जागा गोड असते. ती सापडली की बाजूच्या लाकडावर पेनाने खूण करा.

पायरी ४: चार शब्द शिका

पहिला 'क्लक', एकच तुटक टिचकी. काडी दाबून अर्धा सेंटीमीटर झटक्यात आपल्याकडे ओढा. जोर बेताचा ठेवा. फार कडक, टोकदार क्लक टर्कीच्या भाषेत 'पट' होतो, म्हणजे धोका, पळा. तुम्ही प्रेमाने हाक मारताय आणि समोरच्याला ऐकू येतंय 'आग लागली'.

दुसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा 'यल्प'. आवाज वर सुरू होऊन खाली पडतो, 'की-ऑक' असा. काडी न उचलता शर्टाच्या बटणाएवढे लहान लंबगोल काढा, ओढताना दाब, परतताना ढील. काडी उचलली गेली तर दोन सुरांमधला सांधा उसवतो. सुरुवातीला एकेकच यल्प काढा. तो दोन सुरांत फुटायला लागला की पाच-सात सलग, समान अंतराने.

पट्टी घसरली, आवाज फाटला, तरी चालतं. जंगलातल्या खऱ्या माद्या इतक्या बेसूर ओरडतात की स्पर्धेत उभ्या केल्या तर पहिल्या फेरीत बाद होतील. पण त्यांची लय ढळत नाही. नवशिक्याचं नेमकं उलटं असतं: सूर सुंदर आणि लय धावती. घाबरल्यावर आपण द्रुत लयीत शिरतो. पायाने ठेका धरा, मनात मोजा, काहीही करा, पण अंतर सारखं ठेवा.

तिसरा 'पर्र', चरताना काढलेली समाधानी घरघर. काडी अगदी हलकी ठेवून चंद्रकोरीसारखी सावकाश ओढा, म्हणजे टोक रेघांवरून थडथडत जातं. दाब वाढला तर किंकाळी निघते. हा शिकायला सगळ्यात जास्त दिवस लागतात. चौथा 'कटिंग', म्हणजे भराभर, अनियमित, तावातावाचे क्लक. तो पहिल्या वर्षी नाही आला तरी बिघडत नाही.

बॉक्स कॉलवर यल्प काढताना झाकण कडेवरून उचलू नका आणि आपटू नका. बोटांच्या टोकांनी नुसतं सरकवा. झाकणाचं वजनच पुरेसं असतं.

पायरी ५: रियाज

रोज दहा मिनिटं, रविवारी सलग दोन तास नव्हे. फोन रेकॉर्डिंगवर लावून पन्नास पावलांवर ठेवा आणि मग वाजवा, कारण हातातला आवाज आणि दुरून ऐकू येणारा आवाज यांत खूप फरक पडतो. खऱ्या माद्यांची रेकॉर्डिंग ऐका. शिकाऱ्यांची कमी ऐका. ते जरा जास्तच छान वाजवतात. आणि हंगामाआधी पक्ष्यांच्या जवळ जाऊन सराव करू नका. ते सावध होतात.

पायरी ६: जंगलात

टर्की रात्री झाडावर झोपते. पहाटे अंधार असताना घुबडाचा आवाज काढला की नर पुष्कळदा न राहवून गॉबल देतो. गाडीचं दार आपटलं तरी देतो. जागा कळली की शे-दीडशे यार्डांवर, खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसा. उजाडायला लागलं की तीन-चार यल्प, अगदी झोपाळू, हळू. त्याने उत्तर दिलं तर? काडी खाली ठेवा. पुन्हा पुन्हा वाजवायची हाताला खाज सुटते, पण जो नर येतोय त्याला आणखी बोलावायची गरज नसते. तो गप्प झाला म्हणजे गेला असं नाही. बऱ्याचदा तो गप्प चालत येत असतो. पाचोळ्यात हाताने दोनदा खसखस करा, थांबा, मग एक हलका पर्र.

फ्रिक्शन कॉलला दोन्ही हात लागतात, हे त्याचं मोठं वैगुण्य. टर्कीची नजर भयंकर तीक्ष्ण असते, त्यामुळे पक्षी दिसण्याच्या आतच कॉल मांडीवरून खाली गेलेला हवा.

आता सुरक्षा, कारण तुमचा आवाज फक्त टर्कीच ऐकत नाही. नराच्या डोक्याचे रंग लाल, पांढरा, निळा. हे रंग अंगावर नकोत, रुमालसुद्धा नको. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, माणसाच्या आवाजात मोठ्याने हाक द्या. ऐकू आलेल्या टर्कीच्या दिशेने सरपटत जाऊ नका, तिथेही कोणी काडी घासत असेल. सार्वजनिक जंगलात नराचा गॉबल वाजवू नका. बहुतेक राज्यांत इलेक्ट्रॉनिक कॉलला बंदी आहे, काही ठिकाणी शिकारीची वेळ दुपारीच संपते, म्हणून राज्याचं चालू वर्षाचं नियमपत्रक वाचा. एच-वनसारख्या व्हिसावर असाल तर बंदूक बाळगण्यावर फेडरल बंधनं आहेत. वैध शिकार परवाना हा त्याला एक अपवाद आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. आमच्या ओळखीतले दोघे-तिघे कॅमेराच घेऊन बसतात. कॉलची मजा त्यातही तेवढीच आहे.

चालताना बॉक्स कॉलला रबरबँड लावून ठेवा, नाहीतर प्रत्येक पावलाला तो मध्येच बोलतो. पावसात झिपची प्लास्टिक पिशवी. हात आणि कॉल दोन्ही पिशवीत घालूनही वाजवता येतं. तरी भिजलाच तर हीटरसमोर वाळवू नका, लाकूड वाकतं. घरात वर्तमानपत्रावर दोन दिवस उघडा पडू द्या, मग नवा खडू लावा.