‘जनावराला कळतं’ म्हणून गाफील राहू नका: विषारी वनस्पतींबाबतच्या चुका

“मुकं जनावर विषारी पाल्याला तोंड लावत नाही.” हे ऐकलं की मला धडकीच भरते. पोट भरलेलं जनावर निवडून खातं, हे खरं. पण उपाशी किंवा नव्या जागी आणलेलं जनावर हिरवं दिसेल त्यावर तुटून पडतं. म्हणून चरायला सोडण्याआधी गव्हाणीत थोडी वैरण टाका.

कुट्टी करताना तर फारच जपायला हवं. बांधावरचा पाला कडब्याबरोबर यंत्रात गेला, की त्यातलं कण्हेरीचं पान गाईलाही वेगळं काढता येत नाही. कण्हेर वाळली म्हणून निर्धोक होत नाही. कडवटपणा तेवढा कमी होतो, हृदयावर घाला घालणारं विष तसंच राहतं. मोठ्या जनावराला दहा-वीस पानंही जीवघेणी ठरू शकतात. कुंपण छाटल्यावर फांद्या गुरांच्या वाटेवर पडू देऊ नका.

ज्वारी तर आपलं घरचं पीक, म्हणून तिच्यावर संशयच येत नाही. पण गुडघ्याएवढी कोवळी, पाण्याच्या ताणाने सुकलेली ज्वारी किंवा कापणीनंतरचे फुटवे खाल्ले की किराळ लागते, म्हणजे ज्वारीची विषबाधा होते. पोटात सायनाइड तयार होतं आणि रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. जनावर धापा टाकतं, थरथरतं, कोसळतं. इथे घरगुती काढ्यात वेळ घालवू नका. उतारा इंजेक्शनचा असतो आणि तो पशुवैद्यकानेच द्यायचा.

घाणेरी खाल्लेल्या जनावराचं यकृत बिघडतं, कावीळ होते आणि ऊन लागलं की पांढरी कातडी भाजल्यासारखी सोलते. त्याला आधी सावलीत बांधा.

माणसांचंही तसंच. गाजरगवत उघड्या हातांनी उपटू नका, त्वचेला खाज आणि पुरळ येतं. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात, म्हणून मुलं त्या मूठभर खातात आणि मग उलट्या-जुलाब थांबत नाहीत. धोतऱ्याचं बी पोटात गेलं तर तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, मूल बरळायला लागतं. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. गुंगीतल्या मुलाच्या श्वासनलिकेत ती जाऊ शकते. तोंडातला चोथा बोटाने काढा, चूळ भरायला लावा आणि थेट दवाखाना गाठा. निघताना त्या झाडाची पान-फळासकट फांदी पिशवीत घ्या.